सुदान १९५३: एकीकरणवादी पक्ष जिंकला, तरी देश स्वतंत्र कसा झाला?

प्रश्न असा आहे की, १९५३ च्या अखेरीस झालेल्या सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीत इजिप्तशी एकीकरण मागणाऱ्या पक्षाला बहुमत मिळाले असताना त्याच संसदेने १९ डिसेंबर १९५५ रोजी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव कसा केला. ती निवडणूक इजिप्तच्या पैशावर जिंकली गेली होती का. आणि तिचे संचालन करणाऱ्या भारताच्या मुख्य निवडणूक आयुक्तांच्या, म्हणजे सुकुमार सेन यांच्या, कामाकडे आज कसे पाहावे. माझ्या नोकरीचा मोठा भाग महाराष्ट्रात मतदारयाद्या, मतदान केंद्रे आणि मतमोजणी यांच्या व्यवस्थेत गेला असून सुदानच्या या निवडणुकीचा अभ्यास मी त्याच दृष्टीने केला आहे. म्हणून राजकारणाइतकेच यंत्रणेविषयीही सविस्तर लिहितो. यंत्रणा समजून घेतल्याशिवाय या निकालाचा अर्थ लागत नाही, असे माझे मत आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो. ही निवडणूक त्या काळाच्या आणि त्या प्रदेशाच्या मानाने बरीच प्रामाणिक होती. परंतु मतदारांनी ज्या प्रश्नावर कौल दिला, तो इजिप्तशी एक व्हायचे की नाही हा नव्हता. इंग्रजांना लवकरात लवकर आणि खात्रीने कोण घालवील, आणि ते गेल्यावर महदी या जुन्या धार्मिक नेत्याच्या घराण्याचे राज्य येऊ नये यासाठी कोणावर विसंबता येईल, या दोन प्रश्नांवर तो कौल होता. हे लक्षात घेतले की १९५५ चा ठराव १९५३ च्या निकालाशी विसंगत वाटत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. महदीचे राज्य १८९८ मध्ये ओमदुरमानच्या लढाईनंतर मोडले आणि १८९९ च्या करारानुसार सुदानवर ब्रिटन आणि इजिप्त यांची संयुक्त सत्ता आली. कागदावर ती संयुक्त होती, प्रत्यक्षात गव्हर्नर-जनरल आणि वरचे सर्व अधिकारी ब्रिटिश असत. सुदानी समाजात मात्र सरकारपेक्षा खोलवर रुजलेल्या दोन निष्ठा होत्या. एक महदीच्या अनुयायांची, म्हणजे अन्सारांची, ज्यांचे नेतृत्व महदीच्या मृत्यूनंतर जन्मलेला त्याचा मुलगा सय्यद अब्द अल-रहमान अल-महदी यांच्याकडे होते. आणि दुसरी खत्मिया या सूफी पंथाची, ज्याचे प्रमुख सय्यद अली अल-मिरघनी होते. महदीच्या राजवटीत खत्मिया पंथीयांना बरेच सोसावे लागले होते आणि ती आठवण १९५३ पर्यंत पुसलेली नव्हती. अन्सारांच्या पाठबळावर १९४५ मध्ये उम्मा पक्ष उभा राहिला आणि त्याने ‘सुदान सुदानींसाठी’ ही भूमिका घेतली. शिकलेल्या वर्गाने १९३८ मध्ये पदवीधरांची काँग्रेस स्थापन केली होती. तिच्यातून पुढे आलेले गणिताचे शिक्षक इस्माईल अल-अझहरी यांनी इजिप्तशी जवळीक साधली आणि खत्मियाच्या पाठिंब्याने आपला गट बळकट केला.

येथे एक गोष्ट नीट पाहावी लागते. इंग्रजांनी १९४८ मध्ये विधिसभा स्थापन केली, तेव्हा इजिप्तवादी पक्षांनी तिच्यावर बहिष्कार टाकला आणि उम्मा पक्ष तीत सामील झाला. स्वातंत्र्य मागणारा पक्ष राज्यकर्त्यांच्या सभागृहात बसला आणि परक्या देशाशी जोडणी मागणारा पक्ष रस्त्यावर राहिला. सामान्य माणसाच्या मनात त्यामुळे उम्माच्या स्वातंत्र्याला इंग्रजांच्या मर्जीचा वास येऊ लागला आणि सय्यद अब्द अल-रहमान यांना सुदानचे राजे करण्याचा इंग्रजांचा बेत आहे, हा संशय घट्ट झाला. १९५३ च्या निकालाची मुळे मला पैशापेक्षा येथे अधिक दिसतात.

ऑक्टोबर १९५१ मध्ये इजिप्तने जुने करार एकतर्फी रद्द करून फारुक यांना ‘इजिप्त आणि सुदानचा राजा’ घोषित केले होते. जुलै १९५२ च्या क्रांतीनंतर कैरोतील लष्करी अधिकाऱ्यांनी हा दावा सोडून दिला आणि सुदानी जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला. त्यांचे प्रमुख जनरल मुहम्मद नगीब हे खार्टूममध्ये जन्मलेले, तेथेच काही शिक्षण घेतलेले आणि सुदानमध्ये अतिशय लोकप्रिय होते. त्यांनी आधी उम्मा पक्षाशी आणि जानेवारी १९५३ मध्ये उत्तरेतील सर्वच प्रमुख पक्षांशी समझोता केला, विखुरलेल्या एकीकरणवादी गटांना एकत्र आणून अझहरींच्या नेतृत्वाखाली नॅशनल युनियनिस्ट पक्ष घडवला, आणि या एकमताच्या बळावर १२ फेब्रुवारी १९५३ रोजी ब्रिटनला करार करायला लावला. जास्तीत जास्त तीन वर्षांचा संक्रमणकाळ, त्यात प्रशासनाचे, पोलिसांचे आणि लष्कराचे सुदानीकरण, आणि शेवटी इजिप्तशी संबंध की संपूर्ण स्वातंत्र्य याचा निर्णय, असा तो आराखडा होता. या निर्णयासाठी वेगळी संविधान सभा निवडायची होती. म्हणजे १९५३ मध्ये निवडली जाणारी संसद कारभार करण्यासाठी होती, देशाचे भवितव्य ठरवण्यासाठी नव्हती. प्रश्न विचारणाऱ्या वाचकाच्या मनातील गोंधळ बऱ्याच अंशी ही तरतूद नजरेआड झाल्यामुळे निर्माण झाला आहे.

करारानुसार सात सदस्यांचा निवडणूक आयोग नेमला गेला: तीन सुदानी, एक इजिप्शियन, एक ब्रिटिश, एक अमेरिकन आणि अध्यक्षस्थानी एक भारतीय. सुकुमार सेन यांचे नाव पुढे येणे स्वाभाविक होते. १९५१-५२ मध्ये भारतात सुमारे साडेसतरा कोटी मतदारांची, त्यातील बहुसंख्य निरक्षर असलेल्यांची, निवडणूक त्यांनी नुकतीच पार पाडली होती. हेही नमूद करायला हवे की सेन स्वतः गणिताचे विद्यार्थी होते. ज्या निवडणुकीतून एक गणिताचे शिक्षक पंतप्रधान झाले, तिचा आराखडा अशा माणसाच्या देखरेखीखाली बसवला गेला, हा योग मला नेहमी भावतो.

आयोगापुढील अडचणी कागदावर वाचताना कळत नाहीत, पण निवडणुकीचे काम केलेल्या माणसाला त्या लगेच जाणवतात. त्या वेळच्या सुदानचे क्षेत्रफळ सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर होते, म्हणजे महाराष्ट्राच्या आठपट. त्या देशाची पहिली जनगणना १९५५-५६ मध्ये झाली. अर्थात १९५३ मध्ये मतदारसंघ आखताना लोकसंख्येचा विश्वासार्ह आकडाच हाती नव्हता. करवसुलीच्या नोंदी आणि जिल्हा अधिकाऱ्यांचे अंदाज यांवर भिस्त होती. लोकसंख्येचा मोठा हिस्सा भटक्या पशुपालकांचा होता आणि ते पाऊस-चाऱ्याच्या मागे ऋतूनुसार हलत. दक्षिणेत पावसाळ्यात रस्ते महिनोन्‌महिने बंद राहत, त्यामुळे मतदान पावसाळा ओसरल्यावरच घेणे शक्य होते. कैरो आणि लंडन दोघांनाही आपापल्या सोयीची तारीख हवी होती. शेवटी तारीख बहुतांशी हवामानाने ठरवली.

आता मतदानाच्या पद्धतीकडे येतो, कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. प्रतिनिधी सभागृहात ९७ जागा होत्या. त्यांपैकी ३५ मतदारसंघांत थेट मतदान होते, ५७ मतदारसंघांत अप्रत्यक्ष, आणि ५ जागा ‘पदवीधर’ मतदारसंघाच्या होत्या. महाराष्ट्रातील वाचकाला विधान परिषदेचे पदवीधर मतदारसंघ ठाऊक असतात. सुदानमध्ये मात्र विद्यापीठाची पदवी ही अट नव्हती, माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेला मनुष्यही त्यात मोडत असे, कारण त्याहून अधिक शिकलेले फारच थोडे होते. वरिष्ठ सभागृहात ५० सदस्य होते, त्यांतील ३० निवडून येणारे आणि २० गव्हर्नर-जनरलने नेमायचे. प्रादेशिक मतदारसंघांत मतदानाचा हक्क केवळ पुरुषांना होता. स्त्रियांना तो १९६४ च्या ऑक्टोबर क्रांतीनंतर मिळाला. ज्या आयुक्तांनी भारतात स्त्रियांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावानेच नोंदली जावीत म्हणून आग्रह धरला आणि ‘अमक्याची बायको’ एवढीच ओळख सांगितलेल्या सुमारे २८ लाख नोंदी यादीतून वगळल्या, त्यांना येथे अर्धी प्रौढ लोकसंख्या बाहेर ठेवणाऱ्या नियमांखाली काम करावे लागले.

थेट मतदारसंघ प्रामुख्याने शहरांत आणि नाईलच्या काठच्या स्थिर वस्तीच्या भागात होते. आधीच्या मसुद्यात त्यांची संख्या कमी होती. ती वाढल्याचा फायदा स्वाभाविकपणे शहरी पाया असलेल्या नॅशनल युनियनिस्ट पक्षाला झाला. अप्रत्यक्ष मतदारसंघांत आधी गावातील किंवा टोळीतील पुरुषांनी प्रतिनिधी निवडायचे आणि मग त्या प्रतिनिधींनी सदस्य निवडायचा, अशी दोन टप्प्यांची रीत होती. पहिला टप्पा चारचौघांसमोर, उघडपणे होऊ शकत असे. जेथे शेख, उमदा आणि त्यांच्या वरचा नाझिर हे गावांचे व टोळ्यांचे प्रमुख, हीच न्याय, कर आणि चराईचे हक्क यांची सूत्रे हाती असलेली मंडळी होती, तेथे त्यांच्या समोर त्यांच्या मर्जीविरुद्ध हात वर करणे किती जणांना परवडणार होते? मतपेटीवर पहारा ठेवणे सोपे असते, मतदाराच्या भीतीवर उपाय करणे फार अवघड असते. त्यामुळे या निवडणुकीतील खरी उणीव शोधायची असेल, तर ती मी पैशाच्या कथांपेक्षा या ५७ जागांच्या रचनेत शोधीन. अर्थात आयोगाकडे दुसरा व्यवहार्य मार्ग होता असेही मला वाटत नाही. जनगणनेशिवाय आणि स्थिर पत्त्यांशिवाय दार्फूर, कोर्दोफान किंवा वरच्या नाईलच्या दलदलीच्या प्रदेशात घरोघर मतदारयादी करणे काही महिन्यांत शक्य नव्हते.

निकाल असा लागला: नॅशनल युनियनिस्ट पक्षाला ५१, उम्मा पक्षाला २२, दक्षिणेच्या पक्षाला ९ आणि सोशलिस्ट रिपब्लिकन पक्षाला ३ जागा मिळाल्या. उरलेल्यांत बहुतेक अपक्ष होते आणि पदवीधर मतदारसंघातून साम्राज्यवादविरोधी आघाडीचा एक डावा उमेदवारही निवडून आला. काही संदर्भसाहित्यात एकदोन जागांचा फरक आढळतो, कारण अपक्ष म्हणून निवडून आलेले काही सदस्य लगेच कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या बाकावर जाऊन बसले. एकूण चित्रात त्याने फरक पडत नाही. सोशलिस्ट रिपब्लिकन पक्ष हा टोळीप्रमुखांचा पक्ष होता आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी तो उभा केला, अशी सर्वत्र समजूत होती. अप्रत्यक्ष मतदानात सरकारी वजन निर्णायक ठरले असते, तर या पक्षाला केवळ तीन जागा मिळाल्या नसत्या. टोळीप्रमुखांचे वजन चालले, पण ते बहुतेक ठिकाणी दोन सय्यदांपैकी एकाच्या पारड्यात पडले.

जागांचे वाटप पाहताना मतांचा भौगोलिक विस्तारही लक्षात घ्यावा लागतो. उम्माची मते पश्चिमेकडे आणि पांढऱ्या नाईलच्या परिसरात दाटीने एकवटलेली होती, तर एकीकरणवाद्यांची मते उत्तर, पूर्व आणि राजधानीच्या परिसरात अधिक मतदारसंघांमध्ये पसरलेली होती. सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी, या पद्धतीत एकवटलेली मते पुष्कळदा वाया जातात. ५१ आणि २२ या आकड्यांमधील दरी लोकमतातील दरीपेक्षा मोठी दिसते, ती त्यामुळे.

आता पैशाविषयी. इजिप्तने प्रचारात पैसा ओतला, कैरोच्या आकाशवाणीवरून जोरदार प्रचार केला आणि त्यांचे मंत्री मेजर सलाह सालेम यांनी सुदानभर दौरे केले, हे खरे आहे. दक्षिणेत डिंका लोकांबरोबर नाचताना घेतलेली त्यांची छायाचित्रे तेव्हा जगभर गाजली. ब्रिटिश सरकारने या हस्तक्षेपाबद्दल अधिकृत निषेध नोंदवला. दुसऱ्या बाजूने, प्रशासन अजून ब्रिटिश जिल्हा अधिकाऱ्यांच्या हाती होते आणि त्यांनी आपल्या पसंतीच्या उमेदवारांना मदत केल्याचे आरोप इजिप्तने केले. आयोगात दोन्ही देशांचे सदस्य बसलेले असताना अध्यक्षाला प्रत्येक तक्रार ऐकून घेऊनही काम पुढे न्यावे लागते. ते काम वेळेत पुरे झाले आणि पराभूत उम्मा पक्ष कैरोवर संतापूनही संसदेवर बहिष्कार न टाकता विरोधी बाकांवर बसला, हे मी आयोगाचे सर्वांत मोठे यश मानतो. हरलेल्या बाजूने निकाल मान्य करणे यापेक्षा वेगळी कसोटी मला माझ्या सेवाकाळात सापडलेली नाही. आणि जर पैशाने निष्ठा विकत घेतली गेली असती, तर ती दोन वर्षांत इतक्या पूर्णपणे विरली नसती.

जानेवारी १९५४ मध्ये अझहरी पंतप्रधान झाले. १ मार्च १९५४ रोजी संसदेच्या उद्‌घाटनासाठी नगीब खार्टूमला आले, तेव्हा हजारो अन्सार राजधानीत जमले आणि पोलिसांशी झालेल्या चकमकीत ब्रिटिश पोलीस प्रमुखासह अनेकजण मारले गेले. समारंभ पुढे ढकलावा लागला. एकीकरण रेटले, तर यादवी होईल, हे त्या दिवशी अझहरींना प्रत्यक्ष दिसले. त्याच वर्षी कैरोत नगीब यांना बाजूला सारले गेले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचे अध्यक्षपदही गेले. सुदानच्या लोकांना इजिप्तच्या क्रांतीचा जो चेहरा आपला वाटत होता, तोच नाहीसा झाला. इजिप्तमधील मुस्लिम ब्रदरहूड या धार्मिक-राजकीय संघटनेवरील कठोर कारवाईने आणि नाईलच्या पाणीवाटपाच्या फिसकटलेल्या बोलण्यांनी उरलीसुरली ओढही कमी केली. १९२९ च्या पाणीकराराने इजिप्तला दिलेले झुकते माप सुदानी शेतीला जाचक होते आणि या मुद्द्यावर एकीकरणवादी मंत्रीही सुदानचीच बाजू मांडत.

याहून महत्त्वाचा बदल देशाच्या आत झाला. सुदानीकरण समितीने सुमारे ८०० पदांवरील परके अधिकारी झपाट्याने हलवले. इंग्रज निघून जाऊ लागताच इजिप्तचा आधार घेण्याचे मूळ कारणच संपले. सत्तेवर असलेल्या पक्षाला आपली सत्ता दुसऱ्या राजधानीच्या हाती देण्याची इच्छा राहत नाही, हा अनुभव जुनाच आहे. एप्रिल १९५५ मध्ये अझहरी आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेला इजिप्तपासून वेगळ्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून गेले. डिसेंबर १९५५ च्या प्रारंभी दोन्ही सय्यद, अनेक वर्षांचे वैर बाजूला ठेवून, एकत्र भेटले. संविधान सभेऐवजी थेट सार्वमत घ्यावे असा विचार मध्यंतरी पुढे आला होता. अखेर दोन्ही मार्ग सोडून संसदेनेच १९ डिसेंबर रोजी स्वातंत्र्याचा ठराव एकमताने संमत केला. तो उम्मा पक्षाचे दार्फूरकडील सदस्य अब्द अल-रहमान दबका यांनी मांडला. १ जानेवारी १९५६ रोजी अझहरी आणि विरोधी पक्षनेते मुहम्मद अहमद महजूब यांनी मिळून झेंडा फडकावला. १९५३ मध्ये ज्यांनी अझहरींना मते दिली, त्यांपैकी फारच थोड्यांना आपली फसवणूक झाली असे वाटले, कारण त्यांना हवे असलेले दोन्ही परिणाम साधले होते: इंग्रज गेले आणि महदी घराण्याचा राजा आला नाही.

तरीही या एकमताविषयी माझी एक गंभीर हरकत आहे, आणि ती दक्षिणेविषयी आहे. जानेवारी १९५३ च्या कैरो समझोत्यात दक्षिणेचा एकही प्रतिनिधी नव्हता. निवडणुकीत दक्षिणेच्या मतदारांना मोठी आश्वासने दिली गेली आणि सुदानीकरणात त्यांच्या वाट्याला बोटांवर मोजता येतील इतकी पदे आली. ऑगस्ट १९५५ मध्ये तोरित येथील दक्षिणी सैनिकांनी बंड केले. डिसेंबरच्या ठरावाला दक्षिणेच्या सदस्यांनी संमती दिली, ती संघराज्याच्या मागणीचा पूर्ण विचार केला जाईल या लेखी आश्वासनावर. त्यानंतर संविधानासाठी नेमलेल्या ४६ जणांच्या समितीत दक्षिणेचे तीन सदस्य घेतले गेले आणि संघराज्याची मागणी फेटाळली गेली. वेगळी संविधान सभा किंवा सार्वमत झाले असते, तर दक्षिणेला आपली अट मतपेटीतून मांडता आली असती आणि तिची मोजदाद करावी लागली असती. एकमताच्या ठरावाने ती मोजदाद टळली. सेन आणि त्यांचा आयोग यांचे काम तोपर्यंत केव्हाच संपले होते, त्यामुळे हा दोष त्यांच्याकडे जात नाही. तो खार्टूममधील दोन्ही मोठ्या पक्षांचा आहे.

ज्यांना हा विषय पुढे तपासायचा आहे, त्यांनी १९५३ चे निकाल १९५८ च्या निकालांशेजारी ठेवून पाहावेत. तेव्हा सभागृह १७३ जागांचे झाले होते, अझहरींचा पक्ष खत्मियापासून तुटला होता आणि खत्मियाने पीपल्स डेमोक्रॅटिक पक्ष हा स्वतःचा पक्ष काढला होता. उम्मा पक्ष ६३ जागांसह पहिला आला, अझहरींना ४४ जागा मिळाल्या. एकीकरणाचा प्रश्न मिटल्यानंतर मतदार आपापल्या पंथाच्या आणि प्रदेशाच्या घरी परतला, असे ते आकडे सांगतात. त्या संसदेतही दक्षिणेच्या सदस्यांनी संघराज्याची मागणी पुन्हा मांडली. १७ नोव्हेंबर १९५८ रोजी जनरल इब्राहिम अब्बूद यांनी सत्ता हाती घेतली आणि संसद बरखास्त झाली, तेव्हा ती मागणी अनिर्णीतच होती.